एकशे चौदापैकी किती? सोलापुरातल्या एका डोहाळजेवणाचं प्रकरण

अक्काचा प्रश्न साधा होता. "तीन हॉटेलं बघून आलोय. जेवण तिन्हीकडं चांगलंय. पण आत भटारखान्यात कसं असंल, ते सरकारदरबारी कुठं लिहून ठेवलेलं असतंय का बघ की."

तारीख होती २५ एप्रिल २०२४. भाचीचं डोहाळजेवण १९ मेच्या रविवारी ठरलेलं. पानं साधारण सव्वाशे, म्हणजे हाताशी चोवीस दिवस. उन्हाळा असा की दुपारी सात रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. उजनी धरण वजा साठ्यात गेलेलं आणि शहरात नळ कधी येणार याचे हिशेब बायकांना तोंडपाठ झालेले. आदल्या वर्षी नात्यातल्या एका साखरपुड्याचं जेवण नऊ जणांना बाधलं होतं. आता तर पोरगी सातव्या महिन्यात, त्यामुळे अक्का हट्टाला पेटली होती.

मी वकील नाही. सहकारी संस्थेतली कारकुनी संपवून घरी बसलेला माणूस आहे. जुळे सोलापुरातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो, एवढाच काय तो माझा अधिकार. पुढं जे झालं ते तारखांसकट मांडतो, कारण हॉटेलची तपासणी, तिचे गुण आणि ते सामान्य माणसाला कसे बघायला मिळतात यावर मराठीत विचारणारे पुष्कळ भेटतात. तिन्ही हॉटेलांची नावं देत नाही. पहिलं, दुसरं, तिसरं एवढ्यावरच भागवू.

क्वीन्सहून आलेला फोन

अक्काच्या डोक्यात हे खूळ भरवलं भाचीच्या मोठ्या दिरांनी. ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी सहज म्हटलं, "आमच्याकडं हॉटेलच्या काचेवर अक्षर चिकटवलेलं असतं. आणि नाव टाकलं की मागच्या सगळ्या तपासण्या फोनवर दिसतात."

ते खरं आहे. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ही अक्षरं आहेत. तिथं गुण चुकांचे मोजतात, म्हणून जितके कमी तितकं बरं. शून्य ते तेरा गुणांना ए, चौदा ते सत्तावीसला बी आणि अठ्ठावीसपासून पुढे सी. कुठल्या तारखेला तपासनीस आला, काय सापडलं, उंदराच्या लेंड्यांपासून कोमट राहिलेल्या भातापर्यंत सगळं शहराच्या खुल्या नोंदीत वाचता येतं. लॉस एंजलिस परगण्याने अशी अक्षरं त्याआधीच, १९९८ मध्ये आणली. तिथल्या एका टीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने हॉटेलांची स्वयंपाकघरं दाखवली होती आणि लोक खवळले होते. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड सोडून शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. वेल्समध्ये ती दारावर लावणं २०१३ पासून सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये मात्र मालकाच्या मर्जीवर. म्हणजे तिथंही सगळीकडे एकच चाल नाही.

अक्काचं म्हणणं, "मग आपल्याकडं पण असणारच की!" तिच्या या 'असणारच'मध्ये निम्मं खरं होतं. आपल्याकडे तपासणी होते, गुणही देतात. पण तो कागद काचेपर्यंत येत नाही.

चौदा आकडे

सगळ्यात आधी बिलं जमवली. अक्का पर्समध्ये बिलं ठेवणाऱ्यांपैकी आहे, हे नशीब. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. बिल नसेल तर घरपोच जेवण पोचवणाऱ्या अॅपवर त्या हॉटेलच्या पानाच्या तळाशी तो बारीक अक्षरात सापडतो.

हा क्रमांक वाचता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यानंतरचे दोन वर्षाचे. केंद्रीय परवाना असेल तर सुरुवात १०० ने होते. एवढं कळलं की निम्मं काम चहा संपायच्या आत होतं.

पहिल्या हॉटेलचा क्रमांक ११५ ने सुरू होणारा, सरळ राज्य परवाना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर तो टाकला. नाव जुळलं, पत्ता जुळला, परवाना चालू स्थितीत.

दुसऱ्याचा २१५ ने सुरू होणारा, म्हणजे नोंदणी. इथं मी थबकलो. तेव्हाच्या नियमाने नोंदणी होती वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी. त्यापुढे २० कोटींपर्यंत राज्य परवाना, आणि त्याच्यावर केंद्रीय. वर्षाला १२ लाख म्हणजे महिन्याला एक लाख, दिवसाला तीन हजार तीनशेच्या आसपास. ज्या हॉटेलात ऐंशी माणसं एका वेळी बसतात आणि वर वातानुकूलित हॉल आहे, त्याचा दिवसाचा गल्ला तीन हजार तीनशे? रविवारी दुपारी तर पहिल्या पंगतीतच तेवढं होत असेल. हॉटेल सुरू करताना काढलेली नोंदणी धंदा वाढल्यावर तशीच राहिली असेल, किंवा मुद्दाम ठेवली असेल. कारण काहीही असो, धंद्याला कागद अपुरा पडत होता.

तिसऱ्याची गंमत वेगळी. क्रमांक ११५१४ ने सुरू, म्हणजे परवाना २०१४ चा. आणि हे हॉटेल उघडून पुरती तीन वर्षं झाली नव्हती, उद्घाटनाचं लाडूचं पाकीट आमच्याच घरी आलं होतं. संकेतस्थळावर शोधल्यावर निघालं भलतंच नाव, पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा, आणि मुदत संपलेली. परवाना जागेला असतो. जागा बदलली की नवा काढावा लागतो, शाखा दोन असल्या तर परवानेही दोन. अक्काने फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "ते छपाईवाल्यानं जुनं टाकलंय ओ, नवीन आहे आमच्याकडं." असेलही. बिलावर मात्र नव्हतं.

इथं एक सांगून ठेवतो. परवाना चालू असणं म्हणजे भटारखाना स्वच्छ असणं नव्हे. गाडी चालवायचं लायसन्स खिशात असलेले किती जण होटगी रोडवर कसे चालवतात, ते आपण रोज बघतो.

हसरे चेहरे आणि चांदण्या

मग श्रेणीचा शोध. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता श्रेणी योजना आहे. मान्यताप्राप्त संस्था येऊन लेखापरीक्षण करते आणि एक ते पाच हसरे चेहरे देते. अक्काला हे ऐकून भारी आनंद झाला. पण ही योजना ऐच्छिक आहे, ज्याला हवी तो अर्ज करतो. यादीत आमच्या तिन्हींपैकी एकही नव्हतं. यादीत असलेल्या हॉटेलबद्दल काहीतरी कळतं, नसलेल्याबद्दल काहीच नाही, म्हणून हा रस्ता मी दहा मिनिटांत सोडला. शिवाय ते चेहरे सरकारी अधिकाऱ्याच्या अचानक तपासणीचे नसतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात.

जेवणाच्या अॅपवरच्या चांदण्यांचं तर विचारूच नका. गरम आलं, वेळेत आलं, शेंगाचटणी जास्त दिली, याच्या त्या चांदण्या. भटारखाना त्या देणाऱ्याने पाहिलेला नसतो.

अर्ज

तपासणीचा खरा कागद असतो अन्न व औषध प्रशासनाकडे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, पण तो लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याखाली अन्न सुरक्षा अधिकारी हॉटेल तपासतो. हातात छापील तपासणी सूची असते. खानपान सेवेच्या सूचीत एकूण गुण ११४. शेवटी श्रेणीची चौकट: ए प्लस, ए, बी, नाहीतर श्रेणीच नाही. काही बाबींपुढे तारा छापलेला असतो. तारा असलेली एक बाब जरी नापास झाली, तरी बाकीचे गुण कितीही असोत, शेरा 'पूर्तता नाही' असाच पडतो.

हा कागद नागरिकाला मिळतो, माहिती अधिकारातून. त्याच दिवशी अर्ज लिहिला. महाराष्ट्राच्या नियमाने अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा हवा. पहिला मसुदा अक्काने लिहिला होता: "सदर हॉटेल स्वच्छ आहे काय, व गरोदर स्त्रीने तेथे जेवणे योग्य आहे काय, ते कळवावे." तो मी बाजूला ठेवला. माहिती अधिकारात कार्यालयात असलेला कागद मागता येतो, अधिकाऱ्याचं मत नाही. असा प्रश्न विचारला की उत्तरही तसंच येतं, आणि मग आपण खात्याला बोल लावतो.

शेवटी गेलेला मजकूर असा होता: "खालील तीन क्रमांकांच्या हॉटेलांबाबत १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४ या काळातील तपासणी अहवाल गुणांसह, कलम ३२ खालील सुधारणा नोटिसा, त्यांवरील पूर्ततेचे अहवाल आणि घेतलेल्या अन्ननमुन्यांचे विश्लेषण अहवाल यांच्या छायाप्रती मिळाव्यात. कामगारांची व्यक्तिगत माहिती झाकून दिल्यास चालेल."

शेवटचं वाक्य मी नेहमी घालतो. वैद्यकीय दाखल्यांसोबत कामगारांची नावं, वयं, आधार क्रमांक असतात. तेवढ्यासाठी अख्खा अहवाल अडकू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये झाकण्याजोगं झाकून बाकीचं देण्याची सोय आहेच.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, हातोहात दिला, पोच घेतली. ऑनलाइनही करता येतो. पण आमच्या पिढीला शिक्का बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आता दिवसांचं गणित. उत्तराची मुदत तीस दिवस. माहिती तिसऱ्या पक्षाची असेल, म्हणजे इथं हॉटेलमालकाची, तर अधिकाऱ्याने पाच दिवसांत त्याला कळवायचं, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे, आणि निर्णय चाळीस दिवसांत. २५ एप्रिलला अर्ज. मध्ये ७ मेला लोकसभेचं मतदान, म्हणजे निम्मं सरकार निवडणुकीच्या कामाला. डोहाळजेवण १९ मेला. अर्जाचं उत्तर ओटी भरून झाल्यावरच येणार, हे अक्काला त्याच दिवशी सांगितलं.

"मग आत्ता काय करायचं?"

"जाऊन विचार," मी म्हटलं.

अक्का भटारखान्यात

या प्रकरणातला कामाचा भाग हाच, आणि त्यात माझं श्रेय फार थोडं. मी चार ओळी लिहून दिल्या: शेवटच्या तपासणीचा अहवाल, पाण्याचा अहवाल, कामगारांचे वैद्यकीय दाखले, आणि अन्न सुरक्षा प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं प्रमाणपत्र. पंचवीस कामगारांमागे असा एक प्रशिक्षित माणूस असायला हवा. यातलं काहीही गुपित नाही. बाकी सगळं अक्काने केलं.

दुसऱ्या हॉटेलात व्यवस्थापकाने खिशातून फोन काढला. "रेटिंग? चार पॉइंट तीन आहे की आमचं!" अक्काने पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कागदं सगळी सीएकडं असतात." पाण्याचा अहवाल सीए काय करतो, हे तिने विचारलं नाही. तेवढा सभ्यपणा आहे तिच्यात.

तिसऱ्यात नव्या परवान्याची प्रत "उद्या व्हॉट्सअॅप करतो" म्हणाले. ते उद्या अजून आलेलं नाही.

पहिल्या हॉटेलचे मालक मात्र चिडले. "पंधरा वर्षं झाली ओ वहिनी धंद्यात. आजपर्यंत कुणी विचारलं नाही." पण चिडता चिडता त्यांनी गल्ल्याखालून एक फुगलेली फाइल काढली. वैद्यकीय दाखले चालू वर्षाचे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं. तपासणीचा अहवाल मात्र "ते साहेबांकडं असतंय." पाण्याचा अहवाल होता, फेब्रुवारी २०२३ चा.

चौदा महिने जुना. तपासणी सूचीत पाण्याच्या बाबीपुढे तारा आहे. पाणी आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्यायोग्य हवं, दर सहा महिन्यांनी तपासलेलं हवं आणि त्याची नोंद ठेवलेली हवी. अक्काने तारीख दाखवली, तेव्हा मालकांनी जे उत्तर दिलं ते कुठल्याही सोलापूरकराच्या काळजाला भिडणारं होतं: "नळाला पाणी येतंय चार-पाच दिसाआड. मध्ये टँकर घ्यायचं, हौदात सोडायचं. आता सांगा, कुठल्या दिवसाचं पाणी तपासायचं?"

मला हा माणूस त्या क्षणी पटला. त्याने अडचण खरी सांगितली. पण ज्या शहरात पाणी हौदात पाच दिवस साठून राहतं, तिथं तपासणी जास्त वेळा लागते, हे त्याच्याच बोलण्यातून निघत होतं. अक्का तेच म्हणाली, माझ्यापेक्षा कमी शब्दांत: "हौदातलं तपासा की मग."

इसाराचे पाच हजार देताना तिने पावतीच्या मागे लिहून घेतलं, की कार्यक्रमाआधी स्वयंपाकघरातल्या नळाचा ताजा अहवाल दाखवायचा. मालकांनी कपाळाला आठ्या घालून सही केली.

अहवाल आठव्या दिवशी आला, आणि तो वाईट होता. मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात कॉलिफॉर्म जिवाणू, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण, अजिबात सापडायला नकोत. इथं सापडले होते. मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं, हे मी त्यांच्या खात्यात मोठ्या अक्षरात मांडतो. हौद उपसला, घासला, ब्लीचिंग पावडर टाकून धुतला. हौदाचं झाकण फुटकं होतं, ते बदललं. दुसरा नमुना गेला. त्याचा अहवाल १६ मेला आला, स्वच्छ.

एव्हाना आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर वेगळाच गोंधळ उडाला होता. पहिल्या अहवालाचा फोटो आत्याने टाकला. टाकताना वरचा भाग कापला गेला आणि नेमकी तारीखच गेली. दोन दिवसांत तो कुणाच्या तरी सोसायटीच्या गटावर पोचला, "या हॉटेलात जाऊ नका" असा मजकूर जोडून. तोवर हौद धुऊन झाला होता. मालकांचा फोन आला तेव्हा अक्काला खरोखर लाज वाटली. आत्याने तो फोटो काढून टाकला, पण पुढे गेलेला कोण परत आणणार? तेव्हापासून कुणाला अशी प्रत दिली तर मी पहिल्याच पानावर लाल पेनाने तारखेला गोल करून देतो.

त्याच आठवड्यात मालकांना माहिती अधिकाऱ्याचं पत्रही पोचलं होतं, तिसरा पक्ष म्हणून. म्हणजे आपण कागद मागतो तेव्हा ज्याचा मागतो त्याला कळतं, हे लक्षात ठेवून अर्ज करावा. मालक म्हणाले, "माझ्याकडं विचारलंत ते ठीक, पण तिकडं पण अर्ज टाकलात?" अक्का म्हणाली, "तुमचा आधी टाकलेला, मग तुम्हाला भेटले." त्यांनी हरकत घेतली नाही.

ताट

डोहाळजेवण व्यवस्थित पार पडलं. मे महिना, त्यामुळे आमरस हवाच होता. त्यावर अक्काने अट घातली, की रस दुपारी बारानंतरच काढायचा आणि वाढेपर्यंत फ्रीजमध्ये. थंड पदार्थ पाच अंशांच्या आत ठेवायचा असतो. स्टीलच्या पिंपाला बाहेरून बर्फाची लादी लावून तेवढं होत नाही. आणि लादीचा बर्फ खायचा नसेल तर त्याला निळसर रंग असावा लागतो, हा नियम आहे. त्या दिवशी भटारखान्यात मी स्वतः डोकावलो, बर्फ पांढराच होता, पण पिंपाच्या बाहेर. काकडीची कोशिंबीर रद्द केली, शेंगापोळ्या वाढवल्या. तळणीचं तेल काळं दिसत नव्हतं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही अशी मर्यादा आहे, पण ते यंत्राशिवाय कळत नाही आणि यंत्र आमच्याकडे नव्हतं.

कुणाला काही झालं नाही. त्यावरून काही सिद्ध होतं असं मी मानत नाही; नऊ जण आजारी पडले त्या साखरपुड्यातही बाकीचे दोनशे ठणठणीत होते.

कागद आला तेव्हा

२७ मेला पत्र आलं: सव्वीस पानं, पानाला दोन रुपये, बावन्न रुपये भरा. भरले. ३ जूनला पाकीट हातात पडलं, कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी. कामगारांची नावं झाकलेली, बाकी सगळं जसंच्या तसं.

पहिल्या हॉटेलची तपासणी झाली होती जानेवारी २०२३ मध्ये. गुण ११४ पैकी ७९. पाण्यापुढच्या ताऱ्याला शेरा: अहवाल उपलब्ध नाही. त्याशिवाय कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, कीटकनियंत्रणाची नोंद नाही. कलम ३२ खाली सुधारणा नोटीस. अशा नोटिशीत दुरुस्तीला किमान चौदा दिवस द्यावे लागतात, न केली तर परवाना निलंबित होऊ शकतो. फेब्रुवारीत फेरतपासणी, गुण ९६, पूर्तता झाल्याचा शेरा.

मी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि मग अक्काच्या फोनमधला, मालकांच्या फाइलीतल्या पाण्याच्या अहवालाचा फोटो काढला. फेब्रुवारी २०२३. मालकांनी तो आपणहून काढलेला नव्हता. नोटिशीच्या पोटी जन्मलेला अहवाल होता तो. एकदा काढला, फेरतपासणीला दाखवला, फाइलीला लावला आणि हौद विसरला गेला. त्यानंतर पुढच्या मार्चअखेरपर्यंत कुणी तपासायला आल्याची नोंद पाकिटात नव्हती. एप्रिलमध्ये आली ती अक्का.

दुसऱ्या हॉटेलपुढे एकच ओळ: मागितलेल्या कालावधीतील तपासणीचा अभिलेख आढळून येत नाही.

तिसऱ्याच्या क्रमांकावर एक तपासणी होती, २०२२ च्या मध्यातली, चांगल्या गुणांची आणि नोटीस नसलेली. ती अर्थात जुन्या मालकाची, जुन्या जागेची, दुसऱ्याच भटारखान्याची. बिलावरचा क्रमांक पत्त्याशी पडताळला नसता, तर आम्ही तिसऱ्या हॉटेलला शाबासकी देऊन मोकळे झालो असतो.

आता हे तीन निकाल कुणी नुसते ओळीने वाचले तर काय दिसतं? पहिल्यावर नोटीस, दुसरं कोरं, तिसरं उत्तम. आणि आम्ही जेवलो नोटीसवाल्याकडे. अक्काच्या जावयांनी पाकीट वाचून विचारलंच, "मामा, मग आपण सगळ्यात वाईट निवडलं का?" मला तसं वाटत नाही. नोटीस आली म्हणजे कुणीतरी आत जाऊन बघितलं, दोष लिहिले, परत येऊन दुरुस्ती तपासली. कोऱ्या कागदाच्या मागे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या यादीत एखाद्या हॉटेलच्या नावापुढे दहा चुका दिसतात, ते मला आता बरं वाटतं. कुणीतरी आत जाऊन बघितलं तरी.

अहवाल वाचताना मी आता एकूण गुणांकडे शेवटी बघतो. आधी तारीख, मग ताऱ्यांच्या बाबी, मग शेऱ्यांच्या रकान्यातलं हस्ताक्षर, मग फेरतपासणी झाली की नाही. सत्त्याण्णव आणि ब्याण्णवमध्ये मला फरक कळत नाही. पाण्याच्या ताऱ्यापुढे 'नाही' असेल तर तो कळतो.

एक वाट आम्ही चाललो नाही, ती सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. पण घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं, की मी हे तपासायला देणार आहे. मिठाईच्या दुकानात हे जमेल. डोहाळजेवणाच्या पंगतीत ताटावर बसून मालकाला असं सांगणारी विहीणबाई मला अजून भेटायची आहे. जेवण बाधलंच तर सरळ अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर, किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार करावी. तक्रारीत तारीख, वेळ, बिल आणि चौदा आकडी क्रमांक द्यावा.

दुसऱ्या हॉटेलच्या नोंदणीबद्दल अक्काने तशी तक्रार केली आहे. त्यात आरोप केला नाही, फक्त बसायच्या जागा, हॉल आणि बिलावरचा क्रमांक लिहिला. तिसऱ्याचा नवा क्रमांक मी स्वतः जाऊन दर्शनी भागातल्या फलकावरून उतरवून आणला. परवाना खरोखरच नवा होता, छपाईवाल्याचीच चूक निघाली. त्यांच्यावर घेतलेला संशय तेवढ्यापुरता मागे घेतो, व्हॉट्सअॅपचा नाही.

भाची जुलैत बाळंत होईल असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे बारसं ऑगस्टात. अक्काने या वेळी जूनच्या शेवटच्या आठवड्यातच अर्ज दिला: तिसऱ्या हॉटेलचे नव्या क्रमांकावरचे अहवाल, आणि पहिल्याची १ एप्रिल २०२४ नंतरची तपासणी, झाली असल्यास. बाळाचं नाव अजून ठरायचंय. पोच मात्र फ्रीजच्या दाराला चुंबकाने लावलेली आहे.